‘पुल डाउन’ लिहिलेला अर्ज
कार्बन पेपरचा वास आला की मला मेहकरच्या तहसील कचेरीबाहेरचा टायपिस्ट आठवतो. मराठी राज्य नवं होतं, पण इंग्रजी अर्जाला अजून जास्त वजन होतं. आमच्या वस्तीने मेलेली ढोरं ओढणं सोडलं, म्हणून गावातल्या चौघांनी एका विधवा मावशीच्या खोपटाच्या खांबाला दोर बांधून ते भरदिवसा पाडलं होतं. मी नुकताच मॅट्रिक झालेला, खिशात मीच लिहिलेली चळवळीची पत्रकं कोंबून तिच्यासोबत गेलो. टायपिस्टने ‘फॉल डाउन’ लिहिलं. मी चिडलो, "पुल डाउन लिहा." तो भला माणूस होता. मावशीला म्हणाला, "बाई, फॉल डाउन म्हणजे आपोआप पडलं. पावसात पडलं म्हणू, तं छपराले सरकारी टिनं भेटतीन. पुल डाउन म्हणजे कोणीतरी पाडलं. मंग चौकशी, साक्षीदार. हे साहेब तं भाषण ठोकून घरी जातीन." मावशीने शांतपणे विचारलं, "आपोआप पडलं म्हटलं, तं ते पुन्हा पाडतीन का?" त्याने ‘फॉल डाउन’चा कागद मशीनमधून ओढून काढला. "मंग पाडलंच लिवा बाबू," असं म्हणून तिने अंगठा पुढे केला. त्याने नवा कागद चढवला आणि पैसे घेतले नाहीत. टिनं मिळाली नाहीत. पण चौकशीला पोलीस जमादार आला, तेव्हा ते चौघे पहिल्यांदाच आमच्या वस्तीत मान खाली घालून उभे राहिले. आज माझी पत्रकं दूरच्या गावांतही वाचतात, पण त्यातल्या एकाही शब्दासाठी मला मावशीसारखं डोक्यावरचं छप्पर सोडावं लागलेलं नाही.