एक ओंजळ जास्त
तापलेल्या ब्रेकचा वास आला की शोळिंगनल्लूरचा तो चिखल आठवतो. वादळात खाडीकाठची कोळ्यांची वस्ती बुडाली होती. मी नुकती डॉक्टर झालेली. तिथं औषधं देऊन मी आणि माझे वडील, आप्पा, त्यांच्या जीपमधून मद्रासला परतत होतो. ब्रेक दाबला की जीप हिसका देऊन डावीकडे, खाडीच्या बाजूला ओढायची आणि तापलेल्या ब्रेकचा वास यायचा. “ब्रेकच्या ड्रममध्ये चिखल गेलाय,” म्हणत आप्पांनी सुरूच्या झाडांखाली जीप थांबवली आणि डावं चाक काढून ड्रम उतरवला. आत चिखलात गजरा ओवतात तो केळीच्या सोपाचा दोरा गुरफटला होता. त्यात अबोलीची चार फुलं आणि एक लांब केस.  आप्पांनी ड्रम धुतला, ब्रेकचे लायनर घासले, तो गजरा खाडीत सोडला, आणि दक्षिणेकडे तोंड करून तर्पणात देतात तसं अंगठ्याच्या बाजूनं ओंजळभर पाणी सोडलं. “कुणासाठी, आप्पा?” “पाणी द्यायला जिचं कोणी उरलं नसेल, तिच्यासाठी.” नंतर ब्रेक अगदी सरळ लागले. पण पुढं दर अमावास्येला आप्पा तर्पणात एक ओंजळ जास्त सोडत. ते गेले आणि ती ओंजळ थांबली. आता हा वास आला की वाटतं, तिला तहान लागली असेल.