गणपूर्तीअभावी तहकूब

माझ्या मामाला कैदेत कुणी टाकलं नाही. तो तुरुंग त्याने स्वतःच्या हाताने लिहून काढला आणि वर टाळ्याही घेतल्या.

मामा पाणी खात्यात मीटर वाचायचा. पस्तीस वर्षं लोकांच्या दारात वाकून, काच पुसून, दिसेल तोच आकडा वहीत. अंदाजाने आकडे टाकणाऱ्यांचा त्याला इतका राग, की त्यांच्याबरोबर तो चहासुद्धा घ्यायचा नाही. बंधुमंडळाचा चिटणीस झाला तो याच गुणावर. बंधुमंडळ म्हणजे कारागीर, कारकून, मास्तर अशांनी कधीकाळी काढलेली सभा. कुणी आजारी पडला तर बाकीच्यांनी आळीपाळीने उशाशी बसायचं, आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी निळे पट्टे घालून वरच्या दालनात उंच पाठीच्या खुर्च्यांवर विराजमान व्हायचं. दोनशे सभासद होते. इमारत दुमजली, खाली दगड, वर लाकूड. मागच्या दोन खोल्या चिटणिसाला राहायला. मामी लग्न होऊन तिथेच आली.

मामा नवा चिटणीस होता तेव्हा एकदा तीन-चार जणांनी पत्ते खेळता खेळता ठराव केला आणि ते दालन कुणाच्या तरी मेहुण्याला वखारीसाठी जवळजवळ देऊनच टाकलं. मामाचं डोकं फिरलं. त्याने नियमच मांडला : सात सभासद समोर बसल्याशिवाय कोणताही ठराव नाही. मग तो नवा सभासद घेण्याचा असो, इमारत कुणाला सोपवण्याचा असो, की चिटणिसाने किल्ल्या खाली ठेवण्याचा. तहकूब सभेलाही सातच. त्या काळी सात म्हणजे काय, पंधरा जण तर जिन्यातच उभे असायचे. नियम एकमताने मंजूर झाला.

पुढे माणसं म्हातारी झाली, एकेक करून गेली आणि त्यांच्या मुलांनी इकडे पाठ फिरवली. शेवटी तिघं उरले. एक मामा, दुसरे घड्याळजी आणि तिसरे हेडमास्तर. हेडमास्तर शुश्रूषागृहात पडून होते आणि भेटायला आलेल्या सख्ख्या मुलीलाही 'जागेवर बस, हजेरी घेतो' म्हणत. मामा मात्र दर पहिल्या रविवारी दालन उघडायचा, मामीने पुसलेल्या खुर्च्या रांगेत लावायचा आणि घड्याळजी आले की वहीत लिहायचा : हजर दोन, गैरहजर एक, गणपूर्तीअभावी सभा तहकूब. अकरा वर्षं हेच.

वर छप्पर सडत होतं. कौल सरकलं की सत्तरीचा मामा शिडी लावून चढायचा, आणि मामी खाली शिडी धरून त्याच्या सगळ्या खानदानाचा उद्धार करायची. तरी पाणी भिंतीतून उतरायचंच. मामीच्या पलंगामागे ओल आली होती, ती कशाने हटेना. मामीचा श्वास अडकायला लागला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, ही खोली सोडा, गोळ्यांनी भिंत वाळत नाही. मुलीने आपल्या घरी उन्हाची खोली तयार ठेवली होती. मामी जायला एका पायावर तयार, पण नवऱ्यासकट. आणि नवऱ्याच्या गळ्यात किल्ल्या.

गेल्या वर्षी सुटकेची वाट दिसली. एका नाटकमंडळीची बाई इमारत बघायला आली. दालनाच्या मधोमध उभं राहून तिने एक टाळी वाजवली, तिचा घुमारा ऐकला आणि म्हणाली, आम्ही घेतो, छप्पर करून घेऊ, खुर्च्याही ठेवू. फक्त मंडळाचा ठराव हवा, सहा आठवड्यांत. नाहीतर त्यांना दुसरी जागा बघावी लागणार होती.

घड्याळजींना यात काही अडचणच दिसेना. हेडमास्तरांचा अंगठा घेऊ म्हणाले, आणि वर चार मेलेल्यांची नावं घाल, ते काही तक्रार घेऊन यायचे नाहीत. मीही तेच सांगितलं, चांगलं ओरडून सांगितलं. मामाचं उत्तर एकच, समोर नाही ते मी लिहीत नाही. आता बायकोचा जीव टांगणीला लावून पाळायचं ते कसलं तत्त्व? मला तरी त्यात हट्टापलीकडे काही दिसलं नाही.

मुदतीतला सभेचा शेवटचा रविवार आला. सभा भरली, म्हणजे दोघं बसले. मी दाराशी होते. तेवढ्यात मामी जिना चढून आली. पायरी-पायरीवर थांबत आली आणि चाळीस वर्षं नुसत्या पुसलेल्या त्या खुर्च्यांतल्या एकीवर बसली.

"मला हजर लिहा," ती म्हणाली.

मामा खालच्या आवाजात म्हणाला, तू सभासद नाहीस.

"नऊ जण होते तेव्हा विचारलं होतं मी. बायकांना घ्यायचं नाही असं कुठे लिहिलंय, म्हटलं होतं. तुम्ही हसलात. माझ्यासारख्या पाच जणी सहज आल्या असत्या. आज सात भरले असते."

घड्याळजी उगीच चष्मा पुसत बसले. मामाने जे केलं त्याचा मला अजून राग येतो. त्याने खाली मान घालून लिहिलं, हजर दोन.

त्याच आठवड्यात मामी मुलीकडे गेली. भांडण नाही, आदळआपट नाही. त्याचे शर्ट घड्या घालून ठेवले, गोळ्या कुठल्या डब्यात आहेत ते मला दाखवलं आणि गेली. नाटकवाल्यांनी दुसरी जागा घेतली.

पुढच्या पहिल्या रविवारी मी मामाला न्यायचंच असं ठरवून गेले. घड्याळजी तापाने पडले होते. दालनात तीन बादल्या ठेवलेल्या आणि मामा एकटाच, पट्टा घालून, वही उघडून बसलेला. मी मागून वाकून बघितलं. हजर एक. खाली गैरहजर, तिथे फक्त सभासदांचीच नावं येतात. घड्याळजींचं नाव होतं, हेडमास्तरांचं होतं. आणि तिसरं मामीचं. जिला जन्मात 'अगं' पलीकडे हाक मारली नाही, तिचं पूर्ण नाव त्याने सावकाश, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं.

मला रडूच आलं. मी म्हणाले, "मामा, हे मामीला सांगते मी. आत्ताच फोन करते."

"नको," तो म्हणाला. "मंजूर कुठे झालंय? सात जण लागतात."

मग त्याने सही केली आणि खाली पुढच्या सभेची तारीख टाकली.