काळं खरडायचे रविवार

किस्से काही कोणी साठवायला बसत नाही. पलंगाखालच्या धुळीसारखे ते आपोआप जमतात आणि झाडू फिरवला की सगळे एकदम बाहेर येतात! यवतमाळला राऊत सरांच्या ओसरीत दर रविवारी भरणारा आमचा स्क्रॅचबोर्डचा वर्ग आता बंद झालाय. त्याची फार आठवण येते.

स्क्रॅचबोर्ड म्हणजे पांढऱ्या मातीचा लेप दिलेला पुठ्ठा आणि त्यावर काळी शाई. सुईनं शाई खरडायची, खालचं पांढरं उघडं पडतं. जिथं काळं हवं तिथं हात लावायचा नाही. ऐकायला सोपं आहे!

*

गजूभाऊ वणीच्या कोळसा खाणीवर डंपर चालवायचा. पहिल्याच दिवशी काळाकुट्ट बोर्ड पाहून त्यानं कपाळाला हात लावला. "सर, आठवडाभर काळंच उपसतो. सुट्टीच्या दिवशीबी काळंच?"

"तिथं कितीबी उपसलं तरी खाली काळंच लागते ना? इथं उपसून पाह्य!"

त्यानं उपसून पाहिलं आणि मग एकही रविवार चुकवला नाही.

*

माझं पहिलं चित्र कापसाच्या शेताचं. बोंडं पांढरी करायच्या नादात मी अख्खा बोर्डच खरडला. सरांनी तो हातभर लांब धरला.

"पीक तर बंपर आलं बाप्पा! पण शेत कुठी हाये?"

*

केळापूरचे एक गृहस्थ वडलांचा फोटो घेऊन आले. "चित्र काढा सर, पण जरासे गोरे करजा."

"करतो," सर म्हणाले. "पण जेवढे गोरे करीन, तेवढे तुमचे बाबा कमी होतीन."

गृहस्थ विचारात पडले. "राहू द्या मंग. सावळेच बरे होते!"

*

सर शाई फासलेले बोर्ड गच्चीवर वाळवायचे, शेजारीच त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, कुरडया. एकदा वावटळ आली आणि ओला बोर्ड कुरडयांवर पालथा! काकूंनी ते काळं ताट आणून आमच्यापुढे ठेवलं.

"खरडा अन् खा!"

*

मग सरांचे डोळे गेले कामातून. डॉक्टर म्हणाले, बारीक काम बंद. सरांनी हट्टानं एकच शेवटचं चित्र मागून घेतलं, काकूंचं. साऱ्या गावाचे चेहरे काढले, घरचाच राहिला होता. ते पुरं होतं की नाही, याची आम्हालाच धास्ती.

झालं एकदाचं! फक्त सही उरली. सर चष्मा शोधायला आत गेले. गजूभाऊला चित्रात कपाळाच्या मधोमध काळं दिसलं. सरांच्या नजरेतून सुटलं असेल, असं त्याला वाटलं. खरडणाऱ्याचे हात शिवशिवतातच. त्यानं तेवढं खरडून पांढरंशुभ्र केलं.

ते कुंकू होतं!

गजूभाऊ रडायच्या बेतात. "काकू, चुकलं जी..."

काकूंनी बोर्डाकडे पाहिलं. देवघरातून करंडा आणला, बोट ओलं करून कुंकवात बुडवलं आणि त्या पांढऱ्या जागेवर टेकवलं. सगळ्या काळ्यापांढऱ्यात तेवढंच लाल.

सर आले. बोर्ड खिडकीपाशी नेऊन अगदी नाकाला लावला.

"हे कोणं केलं?"

"म्या केलं," काकू म्हणाल्या.

सरांनी सुई त्यांच्या हातात दिली.

"मंग सहीबी तूच कर."