आईची कोरी फुंकर

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच माझा पराक्रम सांगते!

कापसाला कुणी विचारत नव्हतं, त्या वर्षांतली गोष्ट. मी अमरावतीला रसायनशास्त्रात पीएच.डी. करत होते. विषय? आमच्या नेरच्या शेतातली पराटी! कापूस वेचल्यावर उरलेल्या त्या काड्यांचा बारीक भोकाभोकांचा कोळसा करायचा, त्याला अमाइन नावाचं चिकट रसायन पाजायचं, की कार्बन डायऑक्साइड त्यात अडकलाच!

तोंडी परीक्षेला दोन दिवस होते. म्हटलं, नेरला घरी आलेच आहे, तर घरच्यांना प्रयोग दाखवू. चार दिवसांपूर्वी केलेली चुन्याची निवळी पातेल्यात उघडीच होती. वर पांढरी साय दिसली. धूळ असेल, म्हणून गाळून टाकली.

नळीत माझ्या त्या कोळशाची पावडर भरली. "मामा, फुंका! श्वासानं निवळी दुधासारखी होते, पण माझी पावडर तो वायू वाटेतच धरते."

मामांनी गाल फुगवून फुंकलं. निवळी आरशासारखी स्वच्छ! मामा ओट्यावर धावले, "या रे, आमची सुजाता हवा धरून राह्यली!"

अर्धी गल्ली जमली.

"बोंडअळी धरते का वं हे?"

"तेही करू, काका!" मी काय जमिनीवर होते?

आई बाजारात भाजी विकते. चौथी शिकलेली. ती हळूच म्हणाली, "पोरी, बिना पावडरची फुकून पायली का?"

"आई, त्याची गरज नसते गं."

तिनं रिकामी नळी घेतली न् फुंकलं. निवळी तश्शीच स्वच्छ!

मामा ओरडले, "घ्या! ताईले तर पावडरबी लागत नाई!"

माझा चेहरा बघायला हवा होता तुम्ही. अहो, ती साय म्हणजेच कार्बन डायऑक्साइडची करामत! त्यानं चार दिवसांत सगळा चुना खाल्ला, पातेल्यात उरलं नुसतं पाणी. ज्याच्यामागे मी चार वर्षं धावले, तो घरी येऊन बसला, आणि मी त्याला धूळ म्हणून फेकलं!

ताजी निवळी केली. रिकामी नळी: दूध. पावडरची नळी: स्वच्छ. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

परीक्षेत मी आधी कोरी फुंकर मारली, बिनापावडरच्या नळीतून. परीक्षक खूश. "हे कुणी शिकवलं?"

"आईनं, सर. ती मागे बसलीय."

सर उठून उभे राहिले, आईला नमस्कार केला. "मग बाई, ही पदवी कुणाच्या नावानं लिहू?"

आई शांतपणे म्हणाली, "तिच्याच नावानं लिवा, साहेब. मले कायले पायजे? गरज तिले हाय!"