मधली जागा

पडद्यावरच्या त्या उडणाऱ्या पोराने कोसळता पूल खांद्यावर पेलला, आणि पुढच्याच दृश्यात तो वडिलांच्या दारात मान खाली घालून उभा राहिला. त्याचं प्रेम वडिलांच्या वैऱ्याच्या मुलीवर. वडील पाठ फिरवून बसलेले.

"अरे, बोल की पोराशी!" हे सोफ्यावरून पुटपुटले.

माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं. आमच्या सईने तिच्या ऑफिसमधल्या मुलाशी लग्न करायचं म्हटल्यापासून हे तिच्याशी बोलत नाहीत. पण ही मालिका दोघांनाही चुकवायची नसते. मग हे सोफ्याच्या या टोकाला, ती त्या टोकाला आणि मधे मी. "तिला सांग, पंखा कमी करायला." "आई, बाबांना सांग, कमीच आहे." हातभर अंतरावरचे निरोप मी पोचवत राहते. त्या पोराचं बरं आहे, पूल निदान एकदाच कोसळतो.

आज जाहिराती लागल्या तशी मी दूध तापवायला उठले, आणि मालिका पुन्हा सुरू झाली तरी परत गेले नाही. ओट्याला टेकून उभी राहिले. मग बाहेर हे खाकरले.

"तिला सांग..." म्हणाले आणि थांबले. मधली जागा रिकामी होती.

"सई, आवाज वाढव जरा."

आवाज वाढला. दूध केव्हाच तापलं होतं. मी गॅस बंद केला आणि तिथेच उभी राहिले.