उशिरा कोरलेलं नाव

वेंडेल स्टकीचं खाकी जॅकेट सप्टेंबरच्या शेवटी जे गायब झालं, ते अर्धा ऑक्टोबर उलटला तरी कुणाच्या दृष्टीस पडलं नाही. इंडियानातल्या आमच्या गावात ही बातमीच होती. कोपरांवर ठिगळं लावलेलं ते जॅकेट वेंडेल चर्चमध्येसुद्धा घालून यायचा. आता माणूस सत्तरी ओलांडलेला, सकाळी गवत पांढरं होण्याइतकं दंव पडतंय, आणि हा नुसत्या शर्टावर ट्रॅक्टर हाकतोय. विचारलं की एकाला सांगायचा, धुवायला टाकलंय. दुसऱ्याला सांगायचा, उंदरांनी कुरतडलं. खोटं बोलायची सवय नसल्यामुळे कुणाला काय सांगितलं, हेही त्याच्या लक्षात राहत नसे.

वेंडेलची चाळीस वर्षं मका आणि सोयाबीनमध्ये गेली. भोपळे ही त्याच्या बायकोची, लोरीनची कल्पना. शहरातली माणसं पैसे मोजून आपल्या चिखलात चालायला येतील, असं ती म्हणाली तेव्हा तो पोट धरून हसला होता. पहिल्याच वर्षी रस्त्याच्या कडेला मोटारींची रांग लागली आणि त्याचं हसू बंद झालं. तेव्हापासून दर शरदात पेंढ्याचे गठ्ठे मांडलेल्या ट्रॉलीतून माणसं शेतात न्यायची, त्यांना भोपळे निवडू द्यायचे आणि सगळ्यांना परत आणायचं, हे काम त्याचं. तोंडानं सारखी कुरकुर. पण कुणाचं पोर भोपळा उचलताना भोपळ्यासकट आपटलं, की सगळ्यांत आधी उतरून धावणारा तोच.

धान्याच्या कोठारामागची एक ओळ मात्र विकायची नसे. ती घरची. ऑगस्टमध्ये भोपळे हिरवे आणि कोवळे असताना वेंडेल एक जुना खिळा घेऊन तिथं गुडघे टेकायचा आणि एकेका भोपळ्यावर एकेका नातवंडाचं नाव कोरायचा. कोवळी साल चिरली की चीक येतो, मग खपली धरते, आणि भोपळा फुगत जातो तशी अक्षरंही फुगतात. ऑक्टोबरात केशरी भोपळ्यावर नाव असं उठून येतं, की डोळे मिटून बोटांनी वाचावं. मुलीची जुळी, ब्रिन आणि कोल्टन, दरवर्षी आपापलं नाव शोधत त्या ओळीत धावायची.

यंदा सप्टेंबरात मुलाचं, ड्वाइटचं, दुसरं लग्न झालं. नवी सून रेने, आणि तिच्याबरोबर तिची आठ वर्षांची मुलगी मार्नी. लग्नाच्या जेवणात ब्रिन या नव्या बहिणीपुढे फुशारकी मारत होती, "आमची नावं भोपळ्यावर उगवतात, माहितीये?"

मार्नीनं वेंडेलकडे वळून विचारलं, "मिस्टर स्टकी, किती नावं असतात?"

"दोन," वेंडेल बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

"ठीक आहे," मार्नी म्हणाली, आणि केकवरचं क्रीम काट्यानं बाजूला सारत बसली.

त्या 'ठीक आहे'नं म्हाताऱ्याची झोप उडवली. पोरीनं रुसायला हवं होतं, हट्ट करायला हवा होता. आठव्या वर्षी इतकं समजूतदार असणं काही बरं नव्हे, असं त्याला वाटलं. हिला आपल्या घरात पाहुण्यासारखं वाटता कामा नये, एवढं एकच त्याच्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं ती ओळ पालथी घातली. सगळे भोपळे पिकून टणक झालेले. आता खिळा लावला तर नाव उठणार नाही, नुसती जखम होऊन भोपळा सडणार. शेवटी कुंपणाजवळ, उशिरा फुललेल्या एका वेलीवर मुठीएवढा हिरवा भोपळा सापडला. श्वास रोखून त्यानं त्याच्यावर बारीक अक्षरांत मार्नीचं नाव कोरलं. मग दंव पडायला लागलं, तेव्हा रोज संध्याकाळी त्याच्यावर जॅकेट पांघरलं. दिवसा ते भिजलेलं जॅकेट कुंपणावर वाळत पडायचं.

"घरात जुन्या चादरी काय थोड्या आहेत?" लोरीननं विचारलं.

"चादर वाऱ्यानं उडते. जॅकेटच्या बाह्या बांधता येतात," वेंडेल म्हणाला.

ऑक्टोबरातल्या दुसऱ्या शनिवारी सगळं घर शेतावर जमतं. त्या सकाळी वेंडेलनं गाठ सोडून पाहिलं. भोपळा नारळाएवढा झाला होता, पण हिरवागार. म्हाताऱ्याचा धीरच सुटला. जुळ्यांचे भोपळे घागरीएवढे, केशरी, आणि त्यांच्याशेजारी हे? त्यानं जॅकेट पुन्हा बांधून टाकलं, शेतातला सर्वांत मोठा केशरी भोपळा आणला, कोठाराच्या दाराचा उरलेला पांढरा रंग काढला आणि ब्रशनं मार्नीचं नाव रंगवून तो जुळ्यांच्या भोपळ्यांशेजारी मांडला.

"हे काय आरंभलंयस?" लोरीन मागं येऊन उभी राहिली.

"तिला सगळ्यांसारखा नको का?"

"लहान मुलांना गंडवता येतं असं वाटतं तुला. मी तुला रोज गंडवते ना, म्हणून."

दहाच्या सुमारास मंडळी आली. गरम डोनट झाले, सफरचंदाचा वाफाळता रस झाला, मक्याच्या उभ्या पिकात वाटा कापून केलेल्या भूलभुलैयात ड्वाइट स्वतःच हरवला आणि सुनेनं त्याला हाका मारमारून बाहेर काढलं. मग मुलं कोठारामागं पळाली. ब्रिन आणि कोल्टन आपापल्या भोपळ्यावर चढूनच बसली. मार्नी आपल्या भोपळ्यापुढे थांबली. तिनं आधी ब्रिनच्या अक्षरांवरून बोट फिरवलं, मग स्वतःच्या. बोटाला पांढरा रंग लागला. तो तिनं हळूच पँटला पुसला.

"ठीक आहे," ती म्हणाली. "छान आहे. थँक्यू, मिस्टर स्टकी."

वेंडेलनं त्या रंगवलेल्या भोपळ्याकडे पाठ फिरवली.

"नाही," तो म्हणाला. "ठीक नाहीये. चल माझ्याबरोबर."

कुंपणाजवळ नेऊन त्यानं बाह्यांची गाठ सोडली. मार्नी उकिडवी बसली. तिचं बोट त्या खडबडीत अक्षरांवरून एकदा गेलं, मग परत एकदा गेलं.

"कधी कोरलंत?"

"लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. ऑगस्टमध्ये मला सुचलंच नाही. चूक माझीच."

"म्हणून हिरवा?"

"म्हणून हिरवा, आणि म्हणून एवढासा. मला लाज वाटली, म्हणून तो रंगवलेला मांडला."

मार्नी उभी राहिली आणि तिनं कमरेवर हात ठेवले. "मिस्टर स्टकी, तो रंगवलेला अगदीच भंगार आहे."

वेंडेलला इतका आनंद कित्येक दिवसांत झाला नव्हता. "भंगारच आहे!" तो म्हणाला.

तेवढ्यात कोल्टन येऊन ओरडला, "ए, हिचा हिरवाय!"

"तुझा झाला वाढून," मार्नी म्हणाली. "माझा अजून वाढतोय."

वेंडेलनं देठ कापायला खिशातून चाकू काढला, तशी ती मध्ये आली. "तोडायचा नाही! अजून तयार झालाय का तो?"

"मग नेणार कधी?"

"झाला की नेईन. मधूनमधून येईन ना मी बघायला."

"फारच गारठा पडला तर मात्र तोडून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवावा लागेल. उन्हात पिकेल तिथं."

"मला विचारून," मार्नी म्हणाली. तिनं स्वतःच जॅकेट पांघरलं आणि बाह्यांना दुहेरी गाठ मारली.

संध्याकाळी जुळ्यांचे भोपळे गाडीत चढले. मार्नी रिकाम्या हातानं बसली, पण गाडी फाटकाशी पोहोचल्यावर काच खाली करून ओरडली, "मिस्टर स्टकी! रात्री दंव पडणारेय, गाठ बघा हं!"

वेंडेलनं हात हलवला आणि शेवटच्या फेरीसाठी ट्रॅक्टरवर चढला. वारा चांगलाच झोंबत होता. ट्रॉलीत लोकरी टोपी घातलेली एक बाई होती. तिला राहवेना.

"अहो काका, एवढ्या थंडीत नुसत्या शर्टावर? जॅकेट नाही का तुम्हाला?"

धुवायला टाकलंय म्हणायला वेंडेलनं तोंड उघडलं, आणि मिटलं.

"आहे की," तो म्हणाला. "नातीला दिलंय."