मुठीचा तांदूळ

आमच्या चर्चची रीत अशी, की रोज भात टाकताना मूठभर तांदूळ बाजूला काढायचा आणि रविवारी दारातल्या पिंपात ओतायचा. तो गरजू घरांना जातो. परवा पिशवी देताना, काम सुटलेल्या सुशीलामावशींना मी विचारलं, "भात बरा होतो ना?"

त्या संकोचून हसल्या. "होतो की! काही दाणे टणक राहतात, काहींचा लगदा होतो. इतक्या घरांचा तांदूळ, एकसारखा कसा शिजेल? मी पेज करते."

त्या गेल्यावर मी पिंपात हात घातला. कोलम, आंबेमोहोर, उकडा. किती घरं एका मुठीत मावतात, असं वाटून मन भरून आलं. मग बोटांना कणी लागली.

आमच्या घरी कोलम शिजतो. मुठीसाठीचा कणीचा डबा वेगळा आहे.